सुफळ संपूर्ण

 

चिटणीसांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. कागदावर लिहिलं, 'समलिंगी प्रेमाच्या कथा आणि त्यांचे वाचक'. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मागच्या खेपेला तुम्ही जनाबाईंवर बोलला होतात. लोक अजून आठवण काढतात. तसंच काहीतरी होईल ना?" मी म्हटलं, तसंच होईल. त्यामुळे आज माझ्यावर जबाबदारी आहे.

मी लेखिका नाही आणि समीक्षकही नाही. एकतीस वर्षं माळव्यातल्या एका मराठी ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. कोण काय नेतं, कोण न वाचता परत आणतं, कुणाच्या पुस्तकात हळदीचं बोट उमटतं, हे पाहण्यात माझं आयुष्य गेलं. म्हणून आज पुस्तकांपेक्षा वाचणाऱ्यांबद्दल जास्त बोलेन.

निवृत्त झाल्यावर घरीच एक वाचनमंडळ सुरू केलं. महिन्यातून एका रविवारी सकाळी दहा-अकरा जण जमतात. सर्वांत लहान सदस्य बावीस वर्षांची, सर्वांत मोठे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पोहे, शेव, वरून जिरावण, चहा आणि पुस्तक. गेल्या वर्षी तरुण मंडळींनी तक्रार केली, की आम्ही दर वेळी तुमची पुस्तकं वाचतो, तुम्ही कधी आमची वाचत नाही. तक्रार रास्त होती. त्यांनी यादी दिली आणि यादीतली बहुतेक पुस्तकं दोन मुलग्यांच्या प्रेमाची निघाली. सगळी इंग्रजीतली. या शेवटच्या गोष्टीकडे मी नंतर येणार आहे.

पहिली कादंबरी होती केसी मॅक्विस्टन यांची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू', २०१९ साली आलेली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी एक बाई आहेत, त्यांचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र आधी भांडतात आणि मग प्रेमात पडतात. आमचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सदस्य कोर्टातून निवृत्त झाले आहेत. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. ते म्हणाले, "दोन मुलगे आहेत याचं मला काही वाटलं नाही. मला प्रश्न पडला, की एवढ्या मोठ्या घरची मुलं इतका मोकळा वेळ कुठून काढतात?" हसू ओसरल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाई म्हणाल्या, की हे तर आपल्या जुन्या मासिकांतल्या गोष्टींसारखंच आहे, नायकाची मोटार असायची, बंगला असायचा, पोटापाण्याचा प्रश्न कुणाला पडायचाच नाही. टीका दोघांचीही बरोबर होती. आणि माझ्या लक्षात आलं, की ही टीका कुठल्याही प्रेमकादंबरीवर झाली असती. ज्या गोष्टीला आम्ही बिचकत होतो, तिच्यावर कुणी बोललंच नव्हतं.

दुसरं पुस्तक ॲलिस ओसमन यांची चित्रकथा, 'हार्टस्टॉपर'. चार्ली आणि निक ही शाळकरी मुलं. शाळेतली छळवणूक, रग्बी, पहिलं चुंबन, आणि मग निक आपल्या आईला सांगतो तो प्रसंग. आई त्याचं ऐकते आणि त्याला जवळ घेते. बस, एवढंच. आमच्यातल्या एका बाईंचा मुलगा दहावीत आहे. त्या म्हणाल्या, "मी ते पान बराच वेळ उलटलं नाही. मला माझा मुलगा असं काही सांगणार आहे असं नाही. पण त्याने सांगितलं तर मी काय करीन, हे मला तोवर माहीतच नव्हतं." त्या दिवशी पोहे गार झाले.

तिसरं पुस्तक मॅडलिन मिलर यांचं 'द साँग ऑफ अकिलीस', २०११ सालचं. ग्रीक महाकाव्यातला वीर अकिलीस आणि त्याचा सखा पॅट्रॉक्लस यांची गोष्ट, पॅट्रॉक्लसच्या तोंडून सांगितलेली. त्याला २०१२ साली ऑरेंज पारितोषिक मिळालं. शेवट सगळ्या जगाला हजारो वर्षं माहीत आहे, तरी आमच्यातले भौतिकशास्त्राचे एक शिक्षक रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले होते. चौथं पुस्तक मात्र मंडळात फूट पाडून गेलं. रेचल रीड यांची 'हीटेड रायव्हलरी', बर्फावरच्या हॉकीतले दोन प्रतिस्पर्धी खेळाडू. २०२५च्या अखेरीस तिच्यावर मालिका आल्यावर तरुणांत तिचीच चर्चा. शय्यागृहातली वर्णनं इतकी मोकळी, की निम्म्यांनी पुस्तक मिटलं. ज्यांनी मिटलं त्यांचंही ऐकून घेतलं आणि ज्यांनी संपवलं त्यांचंही. संपवणाऱ्या एका मुलीचं म्हणणं होतं, की ही वर्णनं काढली तर गोष्टच उरत नाही, कारण त्या दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही, शरीरानेच ते आधी बोलतात. मला ते पटलं. तरी मी ते पुस्तक दहावीतल्या मुलाच्या हाती देणार नाही, हेही सांगते. स्त्रीपुरुषांच्या अशा पुस्तकांच्या बाबतीतही एकतीस वर्षं मी हाच नियम पाळला.

पण खरा वाद शेवटांवरून झाला. आमच्यात मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते म्हणाले, "यातली तीन पुस्तकं गोड शेवटाची आहेत. मोठं साहित्य दुःखातून येतं. हे सगळं साखरेच्या पाकातलं आहे." त्यावर सव्वीस वर्षांचा एक सदस्य म्हणाला, "सर, तुम्ही गोड शेवटाच्या किती प्रेमकथा वाचल्या असतील? शेकडो. त्यांचा कंटाळा यायचा तुम्हाला हक्क आहे. मी अठरा वर्षांचा होईपर्यंत माझ्यासारख्याची एकही तशी गोष्ट वाचली नव्हती. मला अजून कंटाळा यायचाय."

प्राध्यापक गप्प बसले. मीही गप्प बसले, पण माझ्या गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं. त्याकडेही येते.

रसिकहो, हा वाद शंभर वर्षांचा जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या माळव्यातून गेलेला आहे. ई. एम. फॉर्स्टर हे नाव आपल्यापैकी अनेकांना कॉलेजात 'अ पॅसेज टू इंडिया'मुळे माहीत झालं असेल. हे फॉर्स्टर १९२१ साली काही महिने देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. इंदूरहून तासाभराच्या वाटेवर, चामुंडेच्या टेकडीखालचं ते मराठी संस्थान. तिथली गोकुळअष्टमी त्यांनी पाहिली, आणि १९२४च्या त्या कादंबरीच्या शेवटच्या भागात जो जन्माष्टमीचा सोहळा आहे, ज्यात तुकारामांचं नाव घेतलं जातं, तो देवासहून गेलेला आहे. देवासच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक 'द हिल ऑफ देवी' १९५३ साली आलं.

देवासला येण्याआधीच फॉर्स्टर यांच्या टेबलाच्या खणात एक पुरी झालेली कादंबरी होती. 'मॉरिस'. १९१३-१४ साली लिहिलेली. मॉरिस हा मध्यमवर्गीय तरुण आणि ॲलेक हा एका जमीनदाराकडे रानाची राखण करणारा नोकर, या दोघांच्या प्रेमाची गोष्ट. शेवटी दोघं सगळं सोडून एकत्र राहायला निघून जातात. ही कादंबरी छापून आली १९७१ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. मधली सत्तावन्न वर्षं ती हस्तलिखितातच मित्रांमध्ये फिरत राहिली.

ती का छापली नाही? इंग्लंडात असा संबंध १९६७पर्यंत गुन्हा होता, हे कारण आहेच. पण कादंबरीला जोडलेल्या टिपणात फॉर्स्टर अधिक नेमकं कारण देतात. त्यांचं म्हणणं असं, की यातल्या मुलाने शेवटी गळफास घेतला असता, तर छापायला फारशी अडचण आली नसती. अडचण गोड शेवटाची होती. दोघं सुखी होतात आणि त्यांना शिक्षा होत नाही, हेच खपणारं नव्हतं. आणि लेखकाने तर गोड शेवट करायचाच, असं ठरवूनच लेखणी उचलली होती.

त्या हस्तलिखिताचे वाचकही आमच्या रविवारच्या मंडळासारखेच होते. लिटन स्ट्रेची या लेखकमित्राने फॉर्स्टरना कळवलं, की या दोघांचं काही फार काळ टिकणार नाही. फॉर्स्टरनी एक उपसंहारही लिहिला होता. त्यात काही वर्षांनी मॉरिसच्या बहिणीला रानात दोन लाकूडतोडे भेटतात. तो वाचणाऱ्यांना आवडला नाही, म्हणून त्यांनी काढून टाकला. म्हणजे पुस्तक छापण्याआधी सत्तावन्न वर्षं वाचक त्याच्या शेवटावर भांडत होते. टिकेल की नाही? गोड आहे की खोटं आहे? आमचे प्राध्यापक आणि आमचा सव्वीस वर्षांचा मुलगा तोच वाद पुढे चालवत होते.

इथे मला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. देवासमधला आपला एक अनुभव फॉर्स्टरनी 'द हिल ऑफ देवी'त गाळला होता. तो मृत्यूनंतर, १९८३ साली, छापला गेला. महाराजांना त्यांनी आपल्या स्वभावाबद्दल सांगितलं, महाराजांनी रागावण्याऐवजी सांभाळून घेतलं, आणि वाड्यातल्या एका तरुण न्हाव्याशी फॉर्स्टर यांचा संबंध आला. तो शेवटी ओंगळ झाला. आपण त्या मुलावर हात उगारला, आपल्यात क्रौर्य जागं झालं, असं फॉर्स्टर स्वतःच लिहितात. जो लेखक कादंबरीत मालक आणि नोकर यांना बरोबरीने एका वाटेवर चालवतो, त्याच्याच हातून देवासला ते जमलं नाही. तो मुलगा नाही म्हणू शकत होता का? त्याने स्वतः काय लिहिलं असतं? त्याचं टिपण कुठल्याच खणात नाही.

म्हणून या पुस्तकांकडे पाहताना दोघं एकाच लिंगाचे आहेत का, या प्रश्नापाशी मी थांबत नाही. दोघं बरोबरीचे आहेत का, एकाला नाही म्हणता येतं का, हे मी विचारते. हाच प्रश्न मी नाथमाधवांपासून आजपर्यंतच्या सगळ्या प्रेमकथांना विचारत आले. पुष्कळ गाजलेल्या कादंबऱ्या तिथे नापास होतात.

आता फॅन फिक्शनकडे वळू. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. एखादी कादंबरी किंवा मालिका आवडते. वाचक तिच्यातलीच पात्रं घेऊन पुढची, मधली किंवा वेगळीच गोष्ट स्वतः लिहितो आणि इतर चाहत्यांना वाचायला देतो. पैसे मिळत नाहीत, नाव बहुधा टोपणनाव असतं. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानाची मालिका झाली. तिच्यात कर्क हा कप्तान आणि स्पॉक हा त्याचा परग्रहावरचा सहकारी. १९७४ साली डायन मर्चंट या बाईंनी या दोघांत प्रेम आहे अशी कल्पना करून एक छोटी कथा चाहत्यांच्या एका हस्तमुद्रित अंकात छापली. नावंसुद्धा न घेता लिहिली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पुढे अशा कथांवर कर्क आणि स्पॉक यांची आद्याक्षरं, मधे तिरपी रेघ, अशी खूण येऊ लागली. त्या तिरप्या रेघेवरूनच या लेखनाला 'स्लॅश' म्हणतात. आज 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचं त्यांचं संकेतस्थळरूपी ग्रंथालय आहे. ते २००९ साली खुलं झालं, स्वयंसेवक ते चालवतात, आणि २०१९ साली त्याला विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

ग्रंथपाल म्हणून मला त्या ठिकाणची एक व्यवस्था फार आवडली. प्रत्येक कथेच्या डोक्यावर लेखिका स्वतःच सांगते, की यात काय आहे. हिंसा आहे का, मृत्यू आहे का, वर्णनं किती मोकळी आहेत, कोणत्या वयासाठी आहे. वाचायचं की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं. आपण ग्रंथालयात काय करतो? एखाद्या पुस्तकाबद्दल शंका आली की ते सगळ्यांसाठी कुलपात घालतो.

हे लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत बायका फार मोठ्या प्रमाणावर आहेत, याचं आमच्या मंडळातल्या पुरुषांना नवल वाटलं. दोन पुरुषांच्या प्रेमाशी बायकांना काय कर्तव्य? जोॲना रस या अमेरिकन लेखिकेने १९८५ साली यावर निबंध लिहिला होता. त्याचा गाभा मला कळला तो असा, की बायकांना बरोबरीचं प्रेम लिहून पाहायचं होतं, आणि स्त्री-पुरुषाची जोडी घेतली की कुणी काय करायचं हे समाजाने आधीच लिहून ठेवलेलं असतं. आमच्या बँकेतल्या बाईंनी हेच एका वाक्यात सांगितलं. "दोघांपैकी सकाळचा चहा कोण करणार, हे लेखिकेला ठरवावं लागतं. आधीच ठरलेलं नसतं. मला ते वाचायलाच बरं वाटलं."

आणि दुसऱ्याच्या गोष्टीत शिरून आपली गोष्ट सांगणं आपल्याला कुठे नवं आहे? जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेचा वनवास आपल्या शब्दांत गायला आणि रामाला प्रश्न विचारले. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या माणसांना पुन्हा उभं केलं, शिवाजी सावंतांनी कर्णाला बोलतं केलं. लोकांनी ती पुस्तकं डोक्यावर घेतली. अर्थात, सगळं फॅन फिक्शन 'युगान्त'च्या पंक्तीला बसवायला मी निघालेले नाही. त्यातलं पुष्कळसं कच्चं आहे, एकसुरी आहे, सोळा वर्षांच्या हाताने लिहिलेलं आहे. जात्यावरच्या सगळ्याच ओव्या तरी कुठे सारख्या तोलाच्या होत्या?

एक आक्षेप मात्र तरुणांनीच घेतला. बाईने दोन पुरुषांची गोष्ट लिहावी का? ज्याचं जगणं त्यानेच सांगावं ना? प्रश्न खोटा नाही. पण त्याच्या टोकाला काय होतं याचं उदाहरण आहे. बेकी अल्बर्टाली यांची २०१५ सालची कादंबरी एका समलिंगी मुलाची होती, तिच्यावर २०१८ साली 'लव्ह, सायमन' हा चित्रपट आला. या विवाहित बाईला असं लिहायचा हक्क काय, म्हणून वाचकांनी त्यांना इतकं धारेवर धरलं, की २०२० साली त्यांना जाहीर लिहावं लागलं, की मी स्वतः उभयलिंगी आकर्षणाची आहे. आपल्याच चांगल्या हेतूच्या वाचकांनी एका माणसाला दाराबाहेर ओढून काढलं. लेखकाकडून गोष्ट मागावी, दाखला मागू नये, एवढं तरी आपण त्यातून शिकावं.

आता मराठीकडे येते, आणि मघाशी ठेवलेल्या दोन गोष्टींकडेही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ सालचं. एका मुलीवर प्रेम करणारी मित्रा मराठी रंगभूमीवर आणण्याचं धाडस त्यांनी केलं. पण मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. फॉर्स्टर म्हणाले होते तो छापता येण्याजोगा शेवट. मग २००६ साली मौजेने सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' काढली. पुण्यातलं घर, घरात भाड्याने राहायला आलेला तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेले तनय आणि अनुजा हे भाऊबहीण. आधी भावाची बाजू, मग बहिणीची. पुस्तक आमच्या ग्रंथालयात आलं, मीच नोंदवलं, मीच पाठीवर क्रमांक चिकटवला. दोन-अडीच वर्षं ते 'क'च्या फळीवर शांतपणे उभं होतं.

२ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७बद्दलचा निकाल दिला. वर्तमानपत्रं त्याच विषयाने भरली. त्या आठवड्यात एक जुने सभासद पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आले. चांगले गृहस्थ, देणगीदार. म्हणाले, "हे इथे उघड्यावर नको. आपली मराठी घरं इथे मोजकी. मुलं येतात, मुली येतात. उद्या स्थळं जमवायची असतात." त्यांचा आवाजही चढलेला नव्हता. मी वाद घातला नाही. पुस्तक उचललं आणि माझ्या मागच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुणी मागितलं तर देईन, असं स्वतःला सांगितलं. कुणी मागितलं नाही. असं पुस्तक टेबलाशी येऊन मोठ्याने मागायला किती धैर्य लागतं, हा विचार मला शिवला नाही. यंदा या व्याख्यानाचा विषय फोनवर सांगताना मलाच तो धीर झाला नाही.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नात एक तरुण मला वाकून नमस्कार करायला आला. आमच्याच गल्लीतला, आता बंगळुरात नोकरी करतो. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काकू, एक विचारू? ते निळं पुस्तक कुठे ठेवलं होतंत?"

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुस्तक घरी नेण्याची हिंमत नव्हती, कार्डावर नाव चढलं असतं. म्हणून तो संध्याकाळी येऊन फळीपाशी उभ्याने वीस-वीस पानं वाचायचा आणि पुस्तक परत दोन जाड्या कादंबऱ्यांच्या मधे सरकवून जायचा. तनयचा भाग संपत आला होता. एके दिवशी पुस्तक तिथे नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं. महिनाभर तो येऊन पाहत राहिला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मीच लिहिलं. वहीत. पुढे काय झालं असेल ते. तीसेक पानं झाली असतील. तो परत येतो, तनयच्या आईला कळतं, ती दोन दिवस बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी दोघांना जेवायला वाढते."

खरं पुस्तक त्याला सहा वर्षांनी पुण्यात मिळालं. मी विचारलं, तुझा शेवट आणि पुस्तकातला शेवट जुळला का? तो हसला. "नाही काकू. पुस्तक मोठं आहे. पण मला माझाच शेवट आवडतो." आणि मग मी विचारलं, वहीत कुठल्या भाषेत लिहिलंस? त्याला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाला, "मराठीत. पुस्तक मराठीत होतं ना."

वाचकहो, फॅन फिक्शन म्हणजे काय हे मला त्या मांडवात कळलं. अमेरिकेतल्या अंतराळयानापर्यंत जायची गरज नव्हती. मी कपाटाला लावलेल्या कुलपामुळे ते माझ्याच ग्रंथालयात, एका सतरा वर्षांच्या मुलाच्या वहीत लिहिलं गेलं होतं. त्याने मला दोष दिला नाही. ते मला अधिक लागलं. त्याने घरी सांगितलं आहे. आईने तिसऱ्या दिवशी वाढलं का, हे मी विचारलं नाही. तो लग्नाला एकटा आला होता आणि रात्रीच्याच गाडीने परत गेला, एवढं मला माहीत आहे.

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं दर वर्षी या व्यासपीठावरून एक चिंता करतो, की पुढची पिढी मराठी वाचत नाही. मीही केली आहे. मघाशी म्हटलं, की तरुणांनी दिलेली यादी सगळी इंग्रजीतली होती. मी त्यांना विचारलं, मराठीतली का नाहीत? सव्वीस वर्षांचा तो सदस्य म्हणाला, "मराठीत आम्ही वाढदिवसाला ओवाळून घेतो. प्रेमाचं बोलायला कुणी मराठीत जागाच दिली नाही." जो मुलगा आपल्या मनातली सर्वांत खोल गोष्ट नागरीत लिहीत होता, त्याच्या हातून आपणच पुस्तक काढून घेतलं, आणि मग भाषेवर परिसंवाद भरवले. भाषा घरातून जाते ती अशीही जाते.

कायद्याचं म्हणाल तर कलम ३७७चा तो निकाल डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयात उलटला, ६ सप्टेंबर २०१८ला त्याच न्यायालयाने दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम गुन्हा नाही असं म्हटलं, आणि १७ ऑक्टोबर २०२३ला त्यांच्या लग्नाचा हक्क मान्य करायला नकार दिला. म्हणजे न्यायालयातही गोष्टीचा शेवट अजून लिहायचा आहे. पण आपल्या घरातलं, आपल्या ग्रंथालयातलं कपाट उघडायला कुठल्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

ते पुस्तक मी निवृत्त होण्याआधी फळीवर परत ठेवलं असतं, तर इथे अभिमानाने सांगितलं असतं. तसं झालं नाही. लग्नातल्या त्या भेटीनंतर मी नव्या ग्रंथपालांकडे गेले आणि कपाट उघडायला लावलं. 'कोबाल्ट ब्लू' तिथेच होतं, सोबत आणखी चौदा पुस्तकं होती. वेगवेगळ्या सभासदांनी वेगवेगळ्या काळात नको म्हटलेली. काही विसाव्या शतकातल्या विधवाविवाहाच्या कादंबऱ्या होत्या. आज त्या कुणाला का खटकल्या असतील, हे आठवणारंसुद्धा कुणी उरलेलं नाही. सगळी पंधरा पुस्तकं आता फळीवर आहेत.

श्रावणात आपल्या घरांत कहाण्या वाचल्या जात. माझी आजी शुक्रवारी जिवतीची कहाणी वाचायची. आटपाट नगरापासून सुरुवात, मधे हालअपेष्टा, आणि शेवटी साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. त्याआधी एक मागणं असायचं, की जसं त्यांना मिळालं तसं तुम्हाआम्हाला मिळो. लहानपणी मला वाटायचं, 'तुम्हाआम्हाला' म्हणजे माजघरात बसलेल्या आम्हा सगळ्यांना. आजी मोजून वगळत नसे. खांबाआड बसून ऐकणारं जे कुणी असेल, त्यालाही ते मागणं लागू होतं.

प्राध्यापकांना मी पुढच्या रविवारी एवढंच म्हटलं, की गोड शेवट साहित्यात कमी दर्जाचा असेलही, पण आजीने तो कुणाला नाकारला नव्हता. ते म्हणाले, "मग तो कसा लिहावा, यावर वाद घालू." तो वाद चालू आहे. तुमच्या घरी कुणी फोनवर मान खाली घालून काही वाचत असेल, तर काय वाचतोस म्हणून दरडावू नका. शेवट काय झाला, एवढं विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा.